कॅमेऱ्याचे दोन तास

ठाण्याच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव छापू नका, असं त्यांनी लिहिलंय. पत्र मोठं आहे, म्हणून थोडं आटोपतं करून देते:

"येत्या ऑक्टोबरात आम्ही दोघंच पोर्तुगाल-स्पेनला निघालो आहोत. सोळा दिवसांत लिस्बन, पोर्तो, सेव्हिल, कॉर्डोबा, ग्रॅनाडा, टोलेडो, माद्रिद, बार्सिलोना. मिस्टरांनी निवृत्तीनंतर चांगला कॅमेरा घेतला आणि त्यांचा हातही छान बसलाय. पण राजस्थानात काय झालं, तर ते प्रत्येक कमानीपाशी थांबायचे आणि मी दोघांच्या पिशव्या सांभाळत उन्हात उभी. घरी आलो तेव्हा दोन हजार फोटो, त्यात मी चारात. शेवटचे दोन दिवस तर आमचं धड बोलणंही नव्हतं. मी फोनवर काढते ते फोटो मला आवडतात, त्यांना ते 'खरे' वाटत नाहीत. ट्रायपॉड न्यायचा का? लेन्स किती? फोन पुरेल का? आणि मुख्य म्हणजे, ही सहल दोघांची कशी राहील?"

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात. कॅमेऱ्याला दिवसाचे दोन तास द्या, पण पूर्ण द्या. एक उजाडतानाचा, एक मावळतीचा. त्या वेळात "झालं का?" विचारायचं नाही, पुढच्या ठिकाणाची घाई करायची नाही. आणि उरलेल्या दिवसात कॅमेरा बॅगेत, बॅगेची चेन बंद. हे मिस्टरांना शांतपणे, निघायच्या आधी घरीच सांगा. तिथे कमानीखाली उभं राहून सांगितलं तर ते भांडण होतं.

यात त्यांचं नुकसान काहीच नाही, हे त्यांनाही पटेल. आंदालुसियातल्या, म्हणजे दक्षिण स्पेनमधल्या जुन्या गल्ल्या मुद्दाम अरुंद ठेवलेल्या आहेत, उन्हाळ्यात रस्त्यावर सावली राहावी म्हणून. त्यामुळे दुपारी एका बाजूची चुन्याची भिंत डोळे दिपवते आणि समोरची काळीठिक्कर पडते. कॅमेऱ्याला दोन्ही एकदम धरता येत नाहीत. एक सांभाळावी तर दुसरी हातची जाते. तीच गल्ली सकाळी कोवळ्या उन्हात बघा. उजेड एका भिंतीवरून दुसरीवर जातो, सावलीतले दरवाजे, कुंड्या, लोखंडी गज सगळे दिसू लागतात. दुपारी बाराला काढलेले शंभर फोटो त्या एका फोटोपुढे फिके पडतात. म्हणून दुपार जेवणाची, झोपेची, संग्रहालयाची, नुसतं बाकावर बसून राहण्याची.

"उजाडताना" म्हटल्यावर चारचा गजर डोळ्यांसमोर आणू नका. स्पेनचं घड्याळ १९४० साली एक तास पुढे सरकवून मध्य युरोपाबरोबर आणलं गेलं आणि ते तसंच राहिलं. देश मात्र नकाशावर पार पश्चिमेला आहे. त्यामुळे ऑक्टोबरच्या मध्यावर सेव्हिलला सूर्य उगवतो साडेआठच्या सुमारास आणि मावळतो पावणेआठला. लिस्बनला साधारण पावणेआठ आणि सात. म्हणजे खोलीवर चहा घेऊन, आवरून, सावकाश निघालात तरी गल्ल्या रिकाम्या आणि उजेड ताजा मिळेल. फक्त ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, तुमच्या तारखा त्या पुढे जात असतील तर हिशोब बदलेल.

घड्याळाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. पोर्तुगालहून स्पेनला गेलात की वेळ एक तास पुढे जाते. फोन आपोआप बदलतो, कॅमेरा बदलत नाही, तो ठाण्याच्याच वेळेवर चालू राहतो. घरी येऊन दोघांचे फोटो एकत्र लावले की तुमचा सकाळच्या नाश्त्याचा फोटो त्यांच्या सूर्योदयाच्या आधी येऊन बसतो, आणि मग हजारभर फोटोंचा गुंता सोडवत बसावं लागतं. विमानातून उतरल्यावर आणि सीमा ओलांडल्यावर कॅमेऱ्याचं घड्याळ लावायचं, हे काम तुमच्याकडे घ्या.

आता जरा कठोर बोलते. आठ शहरं फार होतात. सोळा दिवसांत आठ, म्हणजे एका शहराला दोन दिवस, आणि त्यातला अर्धा दिवस सामान बांधण्यात आणि स्टेशनात. हाती उरते एक संध्याकाळ आणि एखादी सकाळ. ती ढगाळ निघाली की शहर गेलं. अशा वेळी कॅमेरा हातात असलेला माणूस चिडतो, आणि बरोबरचं माणूस ते झेलतं. राजस्थानात तुमचं जे झालं त्याचं मूळ मला कॅमेऱ्यापेक्षा या वेळापत्रकातच दिसतं. चार ठेवा: लिस्बन, सेव्हिल, कॉर्डोबा, ग्रॅनाडा. परतीचं विमान माद्रिदहून असेल तर वाटेत टोलेडोला एक रात्र. बार्सिलोना पूर्णपणे वेगळी सहल आहे, ती पुढे कधीतरी करा. पोर्तो वगळायला सांगताना माझाही जीव खालीवर होतो, कारण तिथल्या साओ बेंतो स्टेशनातली निळी टाइल-चित्रं जॉर्जे कोलासू यांची आहेत, आणि पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दालनातली चित्रंही त्यांनीच रंगवलेली. पण सोळा दिवसांत हे बसवायला गेलात तर सेव्हिलची सकाळ जाईल.

लिस्बन ते सेव्हिल थेट रेल्वे नाही, बसने सहा-सात तास लागतात किंवा विमान घ्यावं लागतं. तो दिवस प्रवासाचाच धरा. सेव्हिल ते कॉर्डोबा वेगवान गाडीने जेमतेम पाऊण तास. आणि राहायचं ते जुन्या शहरातच, खोली लहान मिळाली तरी चालेल. बाहेरचं हॉटेल स्वस्त पडतं, पण सकाळचा तास मेट्रोत जातो आणि दमलेल्या पायांना दुपारी खोलीवर परत येता येत नाही. शहरं कमी केल्यावर गाड्यांचे जे पैसे वाचतील ते या खोलीत घाला. सामान मात्र हलकं हवं. जुन्या गल्ल्यांत टॅक्सी आतपर्यंत येत नाही आणि दगडी फरशीवर चाकांची बॅग ओढणं जिवावर येतं. लिस्बनचे काळे-पांढरे दगड पावसानंतर इतके निसरडे होतात की चपलांचे तळवे बघूनच निघा.

आता कुठे उभं राहायचं ते. लिस्बन टेकड्यांवर वसलंय आणि दक्षिणेला तेजो नदी. सकाळी सांता लुझिया किंवा पोर्तास दो सोल या सज्जांवर जा. तिथून पूर्वेकडे आल्फामाची लाल कौलं आणि नदी दिसते, सूर्य नदीच्या अंगाने वर येतो. सेन्योरा दो मोन्ते हा सज्जा सगळ्यांना संध्याकाळीच सांगितला जातो. तिथे संध्याकाळी सूर्य समोर असतो, त्यामुळे किल्ला आणि शहर नुसत्या काळ्या आकृत्या होतात. तसा फोटो हवा असेल तर छानच. पण घरं, खिडक्या, वाळत घातलेले कपडे हवे असतील तर तिथे सकाळी जा, ऊन तुमच्या पाठीमागून पडेल. त्याच जागेवरून शहराचा इतिहासही दिसतो. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात, मागोमाग आलेल्या लाटांत आणि आगीत खालचा बाइशा भाग संपला आणि मग सरळ रेषेत, चौकटी आखून पुन्हा उभा राहिला. आल्फामा बरीच वाचली, म्हणून तिच्या गल्ल्या अजून वेड्यावाकड्या. मिस्टरांना सांगा, शहर नुसतं "टिपू" नका, आखलेलं आणि न आखलेलं एका चौकटीत कसं येईल ते बघा. छप्पर नसलेलं कार्मोचं चर्चही त्याच भूकंपाची खूण आहे. उघड्या कमानींतून आभाळ दिसतं.

लिस्बनच्याच बेलेम भागात, जेरोनिमोस मठात वास्को द गामाची कबर आहे, तिथे आपण मराठी माणसं जरा जास्तच वेळ थांबतो. मठाची लांबलचक दर्शनी बाजू दक्षिणेकडे आहे, म्हणून ऑक्टोबरात दुपार कलल्यावर तिच्या दगडावर मऊ पिवळा रंग चढतो. आतल्या दुमजली अंगणात सावली आणि ऊन दोन्ही एकावेळी असतं. तिथे नक्षीचा एकच खांब निवडा आणि जवळून घ्या. दोरखंडाचे पीळ दगडात कोरलेले दिसतील.

सेव्हिलमध्ये हिराल्दा मनोऱ्यावर जरूर चढा. मूळची ती बाराव्या शतकातली मशिदीची मिनार, घंटांचा वरचा भाग नंतरचा, सोळाव्या शतकातला. आत पायऱ्यांऐवजी उतार आहेत, पस्तीस. बांग देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावं म्हणून तसे केले, असं सांगतात. गुडघ्यांची तक्रार असेल तरी हळूहळू जमतं, शेवटी थोड्या पायऱ्या आहेत. संध्याकाळी मात्र नदी ओलांडून त्रियानाच्या काठावर जा. तिथून पूर्वेकडे पाहिलं की मावळतीचं ऊन तुमच्या पाठीमागून येऊन अख्ख्या शहरावर, 'सोन्याचा मनोरा' म्हणतात त्या तोरे देल ओरोवर आणि दूर हिराल्दावर पडतं. १९२९ च्या प्रदर्शनासाठी बांधलेल्या प्लाझा दे एस्पान्यालाही संध्याकाळच बरी. बाकी सेव्हिलला पोस्टकार्डं पुष्कळ आहेत, ती सगळी गोळा करायची गरज नाही.

कॉर्डोबाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तिथेच बहुतेकांचे फोटो फसतात. मशीद-कॅथेड्रलच्या आत पाऊल टाकलं की लाल-पांढऱ्या कमानींचं रान समोर येतं, साडेआठशेहून अधिक खांब. हात आपोआप सर्वात रुंद लेन्सकडे जातो. रुंद लेन्सने कमानी दूर आणि लहान होतात, आणि चौकटीत उरतात छताचे दिवे आणि इतरांची डोकी. उलट करा. पन्नास ते ऐंशी मिलिमीटर लावा, एका रांगेच्या तिरपं उभं राहा, म्हणजे कमानीमागे कमान दाटून येते आणि जागेचा खरा भास फोटोत उतरतो. मग कॅमेरा खाली करून खांबांकडे नीट बघा. जुन्या भागातले खांब रोमन आणि त्यांच्यानंतर आलेल्या व्हिसिगॉथ राजवटीच्या इमारतींतून आणलेले आहेत. एक राखाडी, शेजारचा गुलाबी, एकाच्या माथ्यावर पानांची कोरीव नक्षी, दुसऱ्याच्या माथ्यावर जवळजवळ काहीच नाही. खांब बुटके होते आणि छत उंच हवं होतं, म्हणून बांधणाऱ्यांनी एका कमानीवर दुसरी चढवली. लाल दिसते ती वीट, पांढरा दिसतो तो दगड. हे तुम्ही दोघांनी मिळून शोधण्यासारखं आहे: त्यांच्या हातात कॅमेरा, तुमच्या डोळ्यांत पुढचा खांब. मधोमध सोळाव्या शतकात बांधलेलं कॅथेड्रल आहे आणि तिथे उपासना चालते, तेव्हा आवाज आणि कॅमेऱ्याचा रोख दोन्ही सांभाळा.

उजेड आत फार कमी. फ्लॅश नको, ट्रायपॉडला परवानगी नाही. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, १६०० ते ३२०० पर्यंत बेलाशक चढवा, लेन्सचं भोक एफ ४ च्या आसपास, फोटो रॉमध्ये, म्हणजे नंतर सुधारता येणाऱ्या कच्च्या फाइलमध्ये. थोडे दाणे दिसले तर दिसू देत, हललेला फोटो मात्र कशानेच सुधारत नाही. अंधारी जागा कॅमेरा उगाच उजळवतो, म्हणून एक्स्पोजर थोडं वजा करा. बाहेर पांढऱ्या भिंतींवर याच्या बरोबर उलट: कॅमेरा चुन्याची भिंत करडी करून टाकतो, तिथे थोडं अधिक.

यावरून ट्रायपॉडचं उत्तर: नेऊ नका. ग्रॅनाडाच्या अलहंब्रा या किल्ल्यातल्या महालांतही तो चालत नाही. रस्त्यावर संध्याकाळी कठड्यावर कॅमेरा टेकवून काम भागतं. लेन्स एकच, २४ ते १०५ किंवा तत्सम. फार तर खिशात मावणारी एक ३५ ची, अंधारासाठी. बदलाबदलीत जितका वेळ जातो तितका वेळ तुम्ही रस्त्यावर ताटकळता. उंच इमारत घेताना कॅमेरा वर न झुकवता मागे सरका, नाहीतर मनोरे मागे पडल्यासारखे दिसतात. लिस्बनची २८ नंबरची ट्राम खिसेकापूंसाठी प्रसिद्ध आहे, तिच्यात चढताना कॅमेरा बॅगेत आणि बॅग पोटाशी. रोज रात्री फोटो दुसरीकडे उतरवून घ्या, कार्डं एका बॅगेत आणि ड्राइव्ह दुसऱ्या.

आता तुमच्या फोनबद्दल, आणि हे मिस्टरांनीही वाचावं. फोनचे फोटो खरे नसतात, हे मला अजिबात मान्य नाही. ऐतिहासिक शहर म्हणजे नुसते मनोरे नाहीत. सकाळी दुकानासमोर रस्ता धुणारी बाई, बारच्या कठड्यावर ठेवलेला कॉफीचा पेला, दारावरच्या पितळी हाताची कडी, तुमच्या खोलीच्या खिडकीतून दिसणारी समोरची गॅलरी, हे सगळं त्याच शहराचं आहे, आणि मोठा कॅमेरा रोखला की त्यातलं निम्मं आक्रसून जातं. ते काम तुमचं. दुपारभर त्यांची बॅग बंद असताना तुमचा फोन चालू राहू द्या, त्याला दोन तासांचा नियम नाही. घरी आल्यावर एकच अल्बम करा, साठ-सत्तर फोटोंचा, दोघांचे मिळून, कुणाचा कुठला हे न लिहिता. निवड एकत्र बसून करा. मला वाटतं त्या बैठकीत त्यांना तुमचे फोटो पहिल्यांदा नीट दिसतील.

लोकांचे चेहरे घेताना मात्र नजरेने तरी विचारा. दोन्ही देशांत स्वतःच्या प्रतिमेवर माणसाचा कायदेशीर हक्क मानला जातो. लहान मुलांचे फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय नकोच.

आणि तुम्ही चारच फोटोंत होतात, ते यंदा चालणार नाही. त्यांच्या दोन तासांत रोज एक फोटो तुमचा, तोही स्मारकासमोर ताठ उभं राहून काढलेला नको. मागची इमारत कितीही मोठी असो, तुम्ही कॅमेऱ्यापासून सात-आठ पावलांवरच थांबा, नाहीतर फोटोत ठिपका उरतो. चालताना, वळून बघताना, खांबावर हात ठेवून. दोघांचा हवा असेल तेव्हा चौकट त्यांनी ठरवावी, कॅमेरा ऑटोवर टाकावा आणि गळ्यात स्वतःचा कॅमेरा असलेल्या कुणाला तरी विनंती करावी. असा माणूस आनंदाने आणि नीट काढून देतो. एखादी संध्याकाळ कॅमेरा तुम्ही घ्या. ते तुमच्या फोटोंत किती कमी आहेत, हेही मोजायला हवं ना! आणि एखाद्या सकाळी तुम्हाला झोपायचं असेल तर खुशाल झोपा, ते एकटे जाऊन येतील आणि नाश्त्याला भेटतील. सहल दोघांची असली म्हणून प्रत्येक तास दोघांचा असायला हवा असं नाही.

निघायच्या आधी सराव करायला तुम्हाला लांब जावं लागणार नाही, वसईचा किल्ला आहेच. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये तो पोर्तुगीजांकडून घेतला, आणि तिथली छप्पर नसलेली चर्चं, उंच कमानी, आतून उगवलेली झाडं बघितलीत तर कार्मोसाठी डोळा तयार होईल. पहाटे जा आणि तिथेच दोन तासांचा करार करून बघा. बॅगेची चेन खरंच बंद राहते का, "झालं का?" खरंच विचारलं जात नाही का, ते एका सकाळीत कळेल. हवं ते तिथेच बदलून घ्या.

राहिलं ग्रॅनाडा. अलहंब्रातल्या नास्रिद महालांचं तिकीट वेळेनुसार मिळतं. छापलेल्या वेळेला दारात नसाल तर महालात प्रवेश नाही. तिकिटावर नाव असतं आणि पासपोर्ट बरोबर लागतो, खोलीवर ठेवून निघू नका. आत मर्टलच्या (विलायती मेंदीच्या) अंगणात तळ्याच्या दक्षिण टोकाला जा, कॅमेरा पाण्याच्या जवळ आणा, कोमारेस मनोरा पाण्यात पूर्ण उतरतो. सिंहांच्या अंगणात १२४ खांब आहेत आणि माणसं त्याहून जास्त, तिथे वर बघा, गिलाव्याच्या नक्षीवर खिडकीतून तिरपा उजेड येतो. संध्याकाळी समोरच्या अल्बायसिन टेकडीवरच्या सान निकोलास सज्जावर सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचा, म्हणजे कठड्यावर बसायला जागा मिळेल. पश्चिमेचं ऊन लाल तटबंदीवर चढत जातं आणि मागे सिएरा नेवादाचे डोंगर निळे होतात, ऑक्टोबरात त्यांच्यावर बर्फ असेलच असं नाही. सूर्य गेला की बरेच जण उठून जातात. तुम्ही बसा, वीसेक मिनिटांनी तटाचे दिवे लागतात आणि आभाळ अजून गडद निळं असतं. त्यांना हवा असलेला फोटो तेव्हा मिळतो.

ही तिकिटं कित्येक आठवडे आधी संपतात. म्हणून ग्रॅनाडाच्या तारखा आधी पक्क्या करा, महालांची दुपार उलटल्यानंतरची वेळ बघून तिकीट काढा, म्हणजे गर्दी थोडी निवळलेली असेल. त्याच दिवशी सान निकोलास गाठायची धावपळ करू नका, तो सज्जा दुसऱ्या संध्याकाळी. हॉटेलं, बस, गाड्या हे सगळं त्या एका तिकिटाभोवती बसवा.